येरमाळा पहिलं, पॅरिस तिसरं

प्रवाशाला भूक लागते ही बाब वरच्या लोकांच्या ध्यानात आली, तेव्हा मला खानावळ चालवून एकतीस वर्षं झाली होती. ध्यानात आल्याबरोबर जिल्ह्याच्या ठिकाणी सतरा जणांची समिती नेमण्यात आली. समितीचं नाव इतकं लांब होतं की ते जीपच्या दारावर मावेना. 'प्रवासी भोजनस्थळे म्हणून जगातील महानगरे व धाराशिव जिल्हा यांचा तौलनिक अभ्यास' एवढं दारावर आलं आणि 'व शिफारस समिती' हे मागच्या फळीवर गेलं. जगातली महानगरं म्हणजे टोकियो, पॅरिस, इस्तंबूल आणि बँकॉक. धाराशिव जिल्हा म्हणजे मी.

मी सत्यभामा. येरमाळ्यात हायवेला लागून, येडेश्वरीच्या डोंगराकडं वळायच्या जरा अलीकडं, पत्र्याच्या शेडात माझी खानावळ आहे. शिक्षण तिसरी. तिसरीतून गुरुजींनी मला घालवलं की मी गुरुजींना, याबद्दल गावात दोन मतं आहेत. सहा बाकं, दोन चुली, एक तवा. माझ्याकडं काय मिळतं हे विचारायची पद्धत नाही. माणूस आत आला की मी एकदा त्याच्याकडं बघते आणि ताट वाढते. लांबून गाडी हाकून आलेल्याला येसराची आमटी आणि गरम भाकरी. डोंगर चढून उतरलेल्याला आधी गूळपाणी, मग पिठलं. घरी भांडून निघालेला दिसला तर हुलग्याचं माडगं. ते फुंकून फुंकूनच प्यावं लागतं आणि तेवढ्यात डोकं थंड होतं. मागितलेलं आजवर कुणाला मिळालं नाही, आणि उपाशी कुणी गेलं नाही.

शेड माझं, पण जमीन रस्त्याच्या खात्याची. दर साली एक कागद येतो, मी सही करते, परवाना वाढतो. एवढाच माझा आणि सरकारचा संबंध होता, आणि तो दोघांनाही पुरत होता.

समितीकडून पहिल्यांदा आला तो श्रेयस. तुळजापूरच्या विष्णुपंत कारकुनांचा नातू. तीन पिढ्या कचेरीत. पोरगा वाईट नव्हता, फक्त त्याच्या हातात चाळीस रकान्यांचा फॉर्म होता.

"काकू, मेनू कार्ड?"

"न्हाय."

"बरं, मग काय काय मिळतं ते तोंडी सांगा."

"तुला काय मिळंल ते सांगते. ताक आन् कण्या."

"मला मटण चालतं."

"तुला चालतंय, तुझ्या पोटाला न्हाय. तोंड बघ कसं झालंय. सकाळधरनं किती चहा झाले?"

"सात," तो म्हणाला. मग त्याला आठवलं की प्रश्न विचारायला तो आलेला आहे.

ज्वारीच्या कण्या त्यानं दोन वाट्या खाल्ल्या, वाटी बोटानं पुसून घेतली, आणि त्याच बोटांत पेन धरून लिहिलं : 'ग्राहकास निवडीचे स्वातंत्र्य – शून्य गुण.' मला वाचून दाखवलं. लिहिताना ढेकर दिला, तो कुठल्याच रकान्यात बसला नाही.

"आन् गुण कमी पडले तर?"

"चाळीसच्या खाली आले तर परवाना वाढणार नाही, काकू. या जागेवर 'पर्यटक भोजन अनुभव केंद्र' करायचं ठरलंय."

"तिथं काय मिळणार?"

"अनुभव."

"आन् भूक लागलेल्याला?"

"त्याला भुकेचा," असं काही तो म्हणाला नाही, पण त्याचं तोंड तसं झालं होतं.

मी त्याला फॉर्म घेऊन वाटेला लावणारच होते. तेवढ्यात तो म्हणाला, "अणदूरच्या इरम्मांनी नाव दिलंय."

इरम्मा अणदूरला खंडोबाच्या वाटेवर स्वतःच्या जागेत खानावळ चालवते. बावीस वर्षांमागं एका लग्नात चारचौघींत ती माझ्या आमटीला पाणचट म्हणाली होती. मी पेन मागितला.

"वाचून तरी बघा, काकू."

"इरम्मानं वाचलं?"

"नाही."

"मग आण इकडं."

माझा थोरला उत्तरेश्वर त्रेपन्न वर्षांचा आहे. त्यानं जन्मात एक भाकरी थापलेली नाही, म्हणून समितीनं त्याला 'स्थानिक भोजन समन्वयक' नेमलं. गळ्यात ओळखपत्र आलं, आणि ते घालून तो आंघोळ करायला लागला.

"माय, आपली पॅरिसशी बरोबरी लागलीया!"

"पॅरिसला इचारलं का?"

"त्येंचा होकार गृहीत धरलाय."

पुढच्या आठवड्यात पुण्याहून सल्लागार आल्या. देवश्री मॅडम. एकतीस शहरांत जेवल्या होत्या, अंगाला मात्र एकाही शहराचं लागलेलं दिसत नव्हतं. त्यांनी माझ्या बाकावर लॅपटॉप उघडला, श्रेयसचा फॉर्म वाचला आणि कपाळाला आठी घातली.

"हा शून्य कुणी दिला? अरे, टोकियोतल्या सगळ्यात नावाजलेल्या जागी असंच असतं. तिथं गिऱ्हाईक काही मागत नाही. आचारी समोर उभा राहतो आणि तो देईल ते खायचं. लोक त्यासाठी विमानानं जातात."

"पण या काकू रागावतात, मॅडम."

"तो पण रागावतो. सोया सॉस जास्त घेतला की बघतो असा."

श्रेयसनं शून्य खोडून दहा केले. तवा तोच, बाई तीच, ताट तेच. सकाळी मी अडाणी होते, दुपारी टोकियो झाले. मला वाटलं, निभावलं.

"नाही, आजी," मॅडम म्हणाल्या. "टोकियोचे गुण घेतले म्हणजे टोकियोची शिस्त लागू होते. तिथं अशा जागी नऊच माणसं बसतात."

माझ्या सहा बाकांवर दाटीवाटीनं छत्तीस माणसं बसतात, आणि यात्रेत त्यांच्या मांडीवरची लेकरं वेगळी. चार बाकं बाहेर उन्हात काढली. उरलेल्या दोहोंवर उत्तरेश्वरनं लाल रंगानं एक ते नऊ आकडे काढले. सहा उलटा काढला, म्हणून दोन नऊ झाले आणि नऊ नंबरवर बसायला दोन माणसांचा हक्क तयार झाला. त्यावर एक उपसमिती बसली.

मग पॅरिस आलं. पॅरिसात म्हणे ताट मोठं आणि अन्न थोडं. मॅडमनी भाकरीचे आठ तुकडे करायला लावले. परातीएवढ्या पांढऱ्या ताटात मधोमध एक तुकडा, भोवती आमटीचे पाच थेंब, आणि एका थेंबावर कोथिंबिरीचं एक पान.

"बाकीचे सात तुकडे?" मी विचारलं.

"पुढच्या सात जणांना."

"आन् बसणार नऊ. म्हंजे सगळ्या पंगतीला एक भाकरी आन् वर एक तुकडा. याला चूल कशाला पेटवू, बाई? काडेपेटीवर भाजते."

मॅडमनी ते लिहून घेतलं. त्यांना ते आवडलं होतं.

पॅरिसातली दुसरी गोष्ट अशी, की चांगल्या जागी जेवायचं तर आधी नाव नोंदवावं लागतं. तीन महिने आधी नोंदवावं लागलं तर जागेची इभ्रत आणखी वाढते. उत्तरेश्वरला वही मिळाली. आता येरमाळ्यातून जाणाऱ्या माणसानं आषाढात भूक लागणार हे चैत्रात कळवायचं होतं. वहीत 'भुकेचे कारण' असाही एक रकाना होता.

इस्तंबूलला लोक पाण्याकाठी बसून जेवतात. जलसान्निध्याला आठ गुण. चैत्रात येरमाळ्यात पाणी दाखवायचं म्हणजे डोळ्यांतलंच दाखवावं लागेल, असं मी म्हटलं. श्रेयसनं नियम वाचला. नियमात नदी असं नव्हतं, समुद्र असंही नव्हतं. 'बसल्या जागेवरून दृष्टीस पडेल असे पाणी' असं होतं. तेव्हा वस्तीवर जाणारा टँकर वळवून माझ्या शेडापुढं आडवा लावण्यात आला. आतलं पाणी दिसेना म्हणून नळ थोडा गळता ठेवला. वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन टँकरमागं चालत आल्या आणि उन्हात उभ्या राहिल्या. समितीनं त्यांची नोंद 'पारंपरिक वेशातील स्थानिक जनजीवन' या रकान्यात केली. दोन गुण.

"या बायास्नी पानी द्या की," मी म्हणलं.

"पाणी कमी झालं तर सान्निध्य कमी होईल, काकू," श्रेयस खाली बघत म्हणाला. कागदाकडं बघत होता की मातीकडं, ते कळलं नाही.

राहिलं बँकॉक. तिथलं रस्त्यावरचं खाणं जगात नावाजलेलं. दिवाळीनंतर एसटी स्टँडपुढचे भज्यांचे, भेळीचे पाच गाडे अतिक्रमण म्हणून उचलून नेले होते. तेच गाडे, तेच मालक, आता 'पथखाद्य संस्कृती' म्हणून हार घालून परत आणले आणि माझ्या शेडापाशी ओळीनं लावले. फक्त त्यांच्यावर काही तळायचं किंवा विकायचं नाही, कारण विकलं की परत अतिक्रमण होतं. पाच जण रिकाम्या कढईपुढं झारा धरून संस्कृतीसारखे उभे राहिले.

तपासणीचा दिवस समितीनं ठरवला चैत्री पौर्णिमेचा. त्या दिवशी येडेश्वरीची, आमच्या येडाईची, यात्रा असते. डोंगर, रस्ता, शेतं, सगळीकडं माणूस असतो, आणि त्यातला निम्मा कालपासून उपाशी.

"दुसरा दिवस घ्या," मी सांगितलं. "त्या दिवशी मला मान वर करायला सवड नसती."

"गर्दीला दहा गुण आहेत, काकू."

"आन् गर्दी बसणार कुठं?"

"गर्दीनं बसायचं नाही. दिसायचं."

त्या दिवशी सकाळी समिती आली. आठ सदस्य आकड्यांवर बसले आणि नऊ पाळीची वाट बघत जीपमध्ये. अध्यक्ष नऊ नंबरवर बसले, दोन्ही नऊंवर. मी पाच थेंब मोजून टाकत होते. समितीला दोन भाकऱ्या आणि वर एक तुकडा पुरत होता, पण हाताला सवय आहे. पहाटे उठून मी यात्रेच्या अंदाजानं दोन पाट्या भाकरी भाजून ठेवली होती. का भाजली, ते त्या वेळी मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

बाहेर ट्रक थांबला. रेवणसिद्ध उतरला. कर्नाटकातल्या आळंदचा ट्रक ड्रायव्हर, तुरीची पोती घेऊन महिन्यातून दोनदा या रस्त्यानं जातो. मी पहिल्यांदा चूल पेटवली तेव्हापासूनचा माझा माणूस. आज बरोबर त्याची म्हातारी होती, पार्वतम्मा. डोंगर चढून उतरली होती. पोराच्या दंडाला धरून उभी होती.

दारात उत्तरेश्वर वही घेऊन आडवा झाला.

"बुकिंग हाय का?"

"अरे उत्तरेश्वर, मी रेवण्या! तुझ्या लग्नात पंगतीला बुंदी कुणी वाढली रे?"

"त्ये खरंय. पर वहीत नाव न्हाय." त्यानं थुंकी लावून पान उलटलं. "आषाढात दोन जागा हायत्या. चार नंबर आन् सात नंबर. लिवू का?"

"आषाढात लिही, आन् आज?"

"आज फुल्ल."

"अम्माला कालपासून उपास हाय, मालक. तिला बसू दे, मी उभा राहतो."

"उपास म्हंजे भुकेचं धार्मिक कारण. त्येला येगळा फॉर्म हाय."

म्हातारीला मराठी फारसं कळत नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हात जोडले. मला. ज्या बाईनं एकतीस वर्षांत कुणाला हात जोडू दिले नाहीत, तिला.

बाहेर गेले तर गुण गेले, गुण गेले तर शेड गेलं, एवढं तिसरीच्या हिशेबातही बसत होतं. मी खूप विचार केला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. केला नाही. अध्यक्षांच्या ताटात तीन थेंब पडले होते, दोन राहिले होते. ते राहिलेच. मी पाटी डोक्यावर घेतली, आमटीचं पातेलं कमरेवर घेतलं आणि उत्तरेश्वरला म्हणलं, "सरक, न्हाईतर ह्ये तुझ्या ओळखपत्रावर सांडंल."

टँकरच्या सावलीत बसकण मारली. आधी म्हातारीला गूळपाणी दिलं. तिनं तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. मग पिठल्याची वाट न बघता भाकरी आमटीत कुस्करून दिली. रेवणसिद्ध बसला, त्याच्या शेजारी आणखी चार बसले, मग चाळीस. बाहेर टाकलेली बाकं भरली. गाडेवाल्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि कढया पेटवल्या. वस्तीवरच्या एका बाईनं टँकरचा नळ पुरा उघडला आणि घागर लावली. कुणी काही म्हणेना, तेव्हा बाकीच्यांनीही लावल्या. मी ओरडत होते, वाढत होते, "एवढंच खाणार व्हय? मग डोंगर कशाला चढलास?" असं एकेकाला झापत होते.

आठच्या आठ सदस्य बाहेर येऊन उभे राहिले. श्रेयसचा चेहरा कण्यांसारखा पांढरा पडला. "काकू, काय केलंत हे!"

"थांबा!" देवश्री मॅडम म्हणाल्या. "कुणी हलू नका. जेवताय तसे जेवत राहा. रस्त्यावरचं जेवण, बँकॉक. पाण्याकाठी, इस्तंबूल. आचारी देईल ते, टोकियो. आणि बसायला जागा नाही म्हणून तिष्ठणारी माणसं, पॅरिस! चारही शहरं एका टँकरच्या सावलीत आहेत."

अध्यक्षांनी हळूच पुढं येऊन विचारलं, "मला एक भाकरी मिळेल का?"

"वहीत नाव हाय?"

ते हसले. मी हसले नाही. भाकरी मात्र दिली. उपाशी घालवायची माझ्याकडं सोय नाही. मग जीपमधले नऊही उतरले.

निकाल वैशाखात लागला. शंभरपैकी शहाण्णव. येरमाळा पहिलं, टोकियो दुसरं, पॅरिस तिसरं. अणदूरला एकतीस गुण, 'ग्राहक जेवताना मोठ्याने बोलतात' असा शेरा. मी भूमच्या खव्याचे पेढे करून अख्ख्या गावात वाटले. इरम्माला मीच फोन लावला. तीनदा लावला, पहिल्या दोन वेळा तिनं नीट ऐकलं नसेल असं मला वाटलं.

आठ दिवसांनी श्रेयस परत आला. जीपच्या दारावर नवीन नाव होतं : 'जागतिक प्रथम क्रमांक जतन समिती.' हे मावलं होतं.

"काकू, आता ही जागा तुमच्याकडून काढून कुणाला द्यायचा प्रश्नच उरला नाही."

"देवी पावली."

"फक्त ती त्या दिवशी होती तशी जतन करायची आहे. चूल पेटवली की धूर होतो, पत्रा काळा पडतो, म्हणजे मूळ स्वरूप बदलतं. माणूस बसला की बाक झिजतं."

"म्हंजे?"

"स्वयंपाक बंद."

"आन् जेवण?"

"जेवणाचे पूर्ण गुण मिळालेत, काकू. आता कुणी इथं जेवलं तर ते फक्त कमीच होऊ शकतात."

पोरगा रडवेला झाला होता, पण पत्रावर जावक क्रमांक होता. "तुम्ही सकाळी दहा ते पाच तव्यापाशी बसायचं," तो पुढं वाचत गेला. "हाताला पीठ लावून. थापायचं नाही."

मी बसले नाही. मग त्यांनी माझ्या मापाचा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून तिथं बसवला. पुठ्ठा माझ्यापेक्षा सोशिक निघाला. लोक त्याच्या खांद्यावर हात टाकतात तरी तो काही बोलत नाही. पलीकडच्या अंगाला दुसरं शेड टाकते म्हणलं तर नोटीस आली की जागतिक प्रथम क्रमांकाची नक्कल करण्यास मनाई आहे. नक्कल करणारी मीच आणि असलही मीच, हे कळवायला मी कचेरीत गेले, तर खिडकीतल्या माणसानं माझ्याकडं बघून विचारलं, "त्या पुठ्ठ्यावरच्या बाईंशी तुमचं नातं काय?" उत्तरेश्वर आता जतन अधीक्षक आहे. शेडापुढं लावलेली दोरी धरून उभा असतो आणि दुपारी घरी येऊन शेवया म्हणून पाकिटातले नूडल्स खातो.

ज्येष्ठात रेवणसिद्धाचा ट्रक थांबला. त्यानं दोरी बघितली, थंड चूल बघितली, पुठ्ठ्याला रामराम घातला, आणि मग झाडाखाली बसलेली मी त्याला दिसले.

"अक्का, आज चूल का न्हाय?"

"पहिला नंबर आला."

"असं." त्यानं थोडा वेळ डोकं खाजवलं. "मग आता जेवायचं कुठं?"

तोंडातून नाव निघेना. पण त्याचा चेहरा बघितला, आणि चेहरा बघितल्यावर मला गप्प बसता येत नाही. "परतीला अणदूरवरनं जा," मी म्हणलं. "इरम्माकडं थांब. माझं नाव सांगू नको."

आता तुमच्याकडं वळते. तुम्ही या रस्त्यानं कितीतरी वेळा गेला आहात. सोलापूरकडून बीडकडं, बीडकडून सोलापूरकडं. मी आत उभी राहून तुमच्या गाड्या बघायची. माझ्या शेडापाशी आलात की काच वर करायचात आणि पोरांना सांगायचात, "इथं नको, पुढं काहीतरी बरं मिळेल." परवा रविवारी मात्र तुमच्याच गाड्यांची रांग पार पेट्रोल पंपापर्यंत गेली होती. तुम्ही आला नसाल तर या. दोरीबाहेरनं आकडे बघा, पुठ्ठ्याबरोबर फोटो काढा, गाडीत बसून कुरकुऱ्यांचं पाकीट फोडा. निघताना उत्तरेश्वर अभिप्रायाची वही पुढं करेल. काय लिहावं ते सुचलं नाही तर वरचं बघून लिहा. चूल बंद झाल्यापासून नऊशे चौदा जणांनी त्या वहीत 'जेवण अप्रतिम' असं लिहून सही केली आहे. सगळी शिकलेली माणसं आहेत.